रेघेचं पोट

बुनसोंगला दुपारी अग्नी द्यायचा होता, म्हणून थायलंडमधल्या फिचितचा ताईतबाजार त्या दिवशी बंद होता. अख्खी सकाळ रिकामी मिळाली. त्यातच कॉफी ओतताना धार कप सोडून टेबलावर गेली, म्हणून प्रायून चष्म्याच्या दुकानात जाऊन बसला. एरवी तो गेला नसता. बस स्टँडसमोरच्या हातगाडीवर तयार चष्मे मिळत. दर दोनेक वर्षांनी तिथे जायचं, चार चष्मे नाकावर ठेवून बघायचे, ज्यातून वर्तमानपत्र वाचता येईल तो उचलायचा. वय झालं की नंबर वाढतो, त्यात तपासण्यासारखं काय असतं, असं तो म्हणे.

दुकान नवीन होतं. डोळे तपासायला ओराथाई नावाची मुलगी होती. बँकॉकला हेच शास्त्र शिकून ती गावी परतली होती. तिने त्याला उंच खुर्चीत बसवलं.

"काय त्रास होतो, काका?"

"त्रास काही नाही. नंबर वाढलाय, तो काढून दे."

"काम काय करता?"

"ताईत बघतो."

तिने मान वर केली. "म्हणजे भिंगवाले प्रायूनकाका तुम्हीच? माझे बाबा सांगतात ना, तुम्ही कपाळाला लावला नाही की ताईत मेला."

"मी मारत नाही गं कुणाला. मेलेला असतो तेवढा परत देतो."

बाजाराची रीतच तशी होती. खोटा हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नसे. समोरच्या माणसाने तो ताईत वर्षानुवर्षं छातीशी बाळगलेला असतो, कधी बापाने दिलेला असतो. त्याच्या तोंडावर काय म्हणणार? म्हणून बोलायचंच नाही. भिंगातून बघायचं. खरा असेल तर दोन्ही हातांत धरून कपाळाला लावायचा आणि मग परत द्यायचा. खरा नसेल तर नुसता परत द्यायचा. माणूस समजायचं ते समजतो.

बुनसोंगचा ताईत प्रायूनने नुसता परत दिला होता.

गेल्या सुगीनंतरची गोष्ट. बुनसोंग हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, भातगिरणीची इंजिनं दुरुस्त करणारा. पोटात पाणी होऊ लागलं होतं. डॉक्टरांनी काय ते सांगून टाकलं होतं. एका सकाळी तो बाजारात आला आणि शर्टाच्या आतून त्याने दोरा ओढून काढला. चांदीच्या तारेच्या कोंदणात, अंगठ्याच्या पेराएवढी पांढरट चौकोनी वडी. तिच्यावर उठावाच्या रेघांची चौकट, आत कमानीखाली बसलेले बुद्ध. नोंग फाय विहाराच्या चुम भन्तेंच्या हातचा ताईत.

"बघ रे," बुनसोंग म्हणाला. "पन्नास वर्षं झाकून ठेवला. तुझी दृष्ट लागेल म्हणून."

"दृष्ट लागण्याइतका आहे का, ते आधी बघू दे."

बुनसोंगच्या बापाने विहाराच्या बांधकामावर एक अख्खा उन्हाळा वाळू वाहिली होती. मजुरी घेतली नव्हती. शेवटच्या दिवशी भन्तेंनी तो ताईत त्याच्या तळहातावर ठेवला, असं बाप सांगे, आणि पुढे मुलगा सांगे. खरा असता तर त्याच्या किमतीत गावात एक पक्कं घर आलं असतं. बुनसोंगला तेच हवं होतं. आपण गेल्यावर लमाईच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्यावर गळणारा पत्रा राहू नये.

प्रायूनने नेहमीसारखा डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने भिंगात बघितलं. बराच वेळ बघितलं, कारण तो ताईत खरा निघावा असं त्यालाही वाटत होतं. पण चौकटीची उजवी रेघ मधोमध बाहेर आली होती. तिला पोट आलं होतं. त्याने भिंग खाली ठेवलं आणि ताईत बुनसोंगच्या हातात दिला.

बुनसोंगने तळहात मिटला नाही. "काही विसरलास का?" त्याने विचारलं.

प्रायून भिंग पुसत राहिला.

मग बुनसोंग पलीकडच्या गाळ्यात निरुतकडे गेला. निरुत प्रायूनचाच चेला. त्यानेही बघितलं, त्यानेही नुसता परत दिला. संध्याकाळपर्यंत बाजारात बुनसोंगचं नाव 'प्लास्टर' पडलं, कारण भन्तेंचे नकली ताईत प्लास्टरचे असतात. तोही हसला म्हणे. पण प्रायूनच्या गाळ्यावर सकाळची कॉफी प्यायला तो पुन्हा आला नाही. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा एवढंच बोलला, "एक तर माझा बाप खोटं बोलला, नाहीतर भन्ते. मरायच्या आधी कोण ते ठरवायला हवं." ताईत मात्र त्याने गळ्यातून काढला नाही.

ओराथाईने आधी त्याला एका यंत्राच्या खाचेत हनुवटी ठेवायला लावली. डोळ्यावर वाऱ्याची फूक बसली. प्रायून दचकला.

"दाब ठीक आहे. काचबिंदू नाही," ती म्हणाली. "आता समोरची अक्षरं वाचा. उजवा झाका."

डाव्या डोळ्याने तो जवळजवळ तळापर्यंत उतरला. तिने डावा झाकायला लावला. उजव्याने वरची मोठी ओळ आली, पुढच्या ओळीत तो अडकला.

"मधलं अक्षर पुसलंय कुणीतरी. फळा मळलाय तुझा."

"फळा नाही काका, दिवा आहे तो. मागून उजेड येतो."

ती उठली आणि खणातून एक कार्ड घेऊन आली. गणिताच्या वहीसारख्या काळ्या रेघांचा चौकोन, मधोमध एक ठिपका. "फक्त ठिपक्याकडे बघायचं. बाकीच्या रेघा सरळ दिसतात का, एवढं सांगा."

डाव्या डोळ्याला सगळं सरळ होतं. मग त्याने डावा तळहाताने झाकला.

ठिपक्याच्या उजवीकडची रेघ वरून नीट उतरत होती, मधोमध बाहेर ढकलली गेली होती, आणि खाली पुन्हा जाग्यावर येत होती. ताणलेल्या दोऱ्यावर कुणी आतून बोट टेकवावं तशी. प्रायून त्या रेघेकडे बघतच राहिला. हे पोट त्याच्या ओळखीचं होतं. भन्तेंच्या ताईताचा साचा एका सुताराने पट्टी लावून कोरला होता, म्हणून खऱ्या ताईताच्या चौकटीच्या रेघा सूत धरल्यासारख्या सरळ असतात. नकली करणारे रबराचा साचा घेतात. रबर दाबलं की फुगतं, आणि रेघेला पोट येतं. ही खूण प्रायूननेच शोधली होती. आधी रेघ बघा, मग बुद्धांचा चेहरा, असं त्याने साऱ्या बाजाराला शिकवलं होतं. आणि गेलं वर्षभर तोच बाजारात सांगत होता की नकलीवाले फार माजलेत, येईल त्या ताईताला पोट.

"हा कागद ओला झाला होता का?" त्याने विचारलं.

ओराथाईने कार्ड आडवं फिरवलं. आता उभ्या रेघा आडव्या झाल्या होत्या. पोट होतं तिथेच होतं, ठिपक्याच्या उजवीकडे. फक्त दुसऱ्याच रेघेला आलं होतं.

"कागदात असतं तर कागदाबरोबर फिरलं असतं," ती म्हणाली.

तिने उजव्या डोळ्याचा आतून फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. नारिंगी गोलात मधोमध एक राखाडी, मळकट फुगवटा होता. कडेला लाल डाग.

"डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधे बारीक बघण्याची जागा असते. तिच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटल्यात, त्यांतून पाणी झिरपतंय. ओलीने भिंतीचा पोपडा फुगतो ना, तसा पडदा उचलला गेलाय. पडदा वाकडा, म्हणून रेघ वाकडी. वयाने होतं हे. सिगारेट ओढता?"

"ओढतो."

"सोडा. डावा डोळा अजून चांगला आहे. दोन्ही उघडे असले की तो सांभाळून घेतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डावा झाकल्याशिवाय हे दिसत नाही."

डावा झाकून प्रायून आयुष्यात एकच काम करत आला होता.

"किती दिवस झाले रेघा वाकड्या दिसायला?" तिने विचारलं.

"रेघा नव्हत्या वाकड्या दिसत," तो म्हणाला. "ताईत दिसत होते."

तिला ते नीट कळलं नसावं. ती सांगत राहिली, की ती डॉक्टर नाही, पण याच आठवड्यात मोठ्या इस्पितळात जायला हवं. डोळ्यात इंजेक्शनं देतात. उरलं आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही. आणि हे कार्ड घरी न्यायचं, रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं.

प्रायूनने शर्टाची वरची दोन बटणं काढली. त्याच्या गळ्यातही भन्तेंचाच ताईत होता. लहानपणी त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला. तो त्याने कधी भिंगाखाली धरला नव्हता. ज्याबद्दल शंकाच नाही ते तपासायचं कशाला? आता त्याने खिशातून भिंग काढलं, डावा डोळा झाकला आणि उजव्याने बघितलं.

उजव्या रेघेला पोट होतं.

त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं. रेघ वरपासून खालपर्यंत सरळ होती.

ओराथाईला वाटलं, म्हातारा घाबरून बुद्धांची आठवण काढतोय. "इतकं मनाला लावून घेऊ नका, काका," ती म्हणाली. "वेळेत आलात."

विहारात तो भाड्याच्या मोटारसायकलवरून उतरला तेव्हा सगळा बाजार काळ्या कपड्यांत मांडवाखाली बसला होता. घरी जाऊन कपडे बदलायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दाहगृहाच्या चौथऱ्यावर पेटी ठेवली होती, मागे धुराडं. पायऱ्यांच्या तोंडाशी चंदनाच्या सालीची फुलं टोपल्यात भरून ठेवली होती.

लमाई पायरीवर बसून पानाला चुना लावत होती. तिच्या बोटांची टोकं चुन्याने कायमची पांढरी पडली होती. शिंपल्याचा चुना ती अजून घरीच मडक्यात भिजवत असे.

"आलात, भाऊजी," ती म्हणाली. "निळा शर्ट घालून आलात."

"वहिनी, जरा बाजूला या. दनायलाही बोलवा."

दनाय तिचा मुलगा. टायरच्या कारखान्यातून रजा काढून आलेला. विधीपुरता तो डोकं भादरून भिक्खू झाला होता, अंगावर पिवळी चीवरं होती.

"बुनसोंगचा ताईत कुठाय?" प्रायूनने विचारलं.

"त्यांच्या गळ्यात," लमाई म्हणाली. "तेच म्हणाले होते, खरा असो की खोटा, माझ्याबरोबर जाऊ दे. आता कुणाला दाखवू नका म्हणाले."

"तो जाळू नका. खरा आहे तो."

लमाईने हातातलं पान खाली ठेवलं.

"काका," दनाय हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच तर..."

"मला एकदा बघू दे. एकदाच."

अग्नीच्या आधी पेटी उघडायची असतेच. नारळाच्या पाण्याने मृताचं तोंड धुतात. झाकण काढल्यावर लमाईने नवऱ्याच्या कपाळावर, गालांवर पाणी घातलं आणि बाजूला झाली. प्रायून वाकला. बुनसोंगचा चेहरा मेणासारखा झाला होता, हनुवटीखालची कातडी सैल. शर्टाच्या कॉलरमधून दोरा दिसत होता. प्रायूनने तो ओढला. ताईत बाहेर आला, पण दोरा आखूड होता. त्यालाच छातीवर झुकावं लागलं. डाव्या डोळ्याला भिंगाची सवय नव्हती. पापणी फडफडत होती, ताईत कधी दिसे, कधी निसटे. मग एकदाचा तो स्थिर झाला.

रेघ सरळ होती. कुठेही, कणभरही बाहेर गेलेली नव्हती.

त्याने दोन्ही हातांत ताईत धरला आणि कपाळाला लावला. दोरा आखूड असल्यामुळे कपाळ मृताच्या छातीवर टेकलं. खाली मांडवात बायका डोळ्यांना रुमाल लावू लागल्या. मित्र मित्रासाठी रडतोय, असंच कुणालाही वाटलं असतं.

दनायने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, काका. तुम्ही एवढं केलंत, बाबांना पोचलं असेल."

प्रायून सरळ झाला. इथे थांबता आलं असतं. कपाळाला लावून झालं होतं, लोकांनी बघितलं होतं, आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

"मी मन राखायला नाही लावला," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "माझा उजवा डोळा गेलाय. मधली जागा बिघडलीय. सरळ रेघ मला वाकडी दिसते. आज सकाळी कळलं. सुगीनंतर मी ह्याचा ताईत त्याच डोळ्याने बघितला होता. आत्ता डाव्याने बघितला. खरा आहे."

मांडवात पुढच्या रांगेतल्या दोघातिघांचे हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेले. त्यांचेही ताईत ह्याच वर्षात नुसते परत आले होते.

"निरुतला बोलवा," दनाय म्हणाला.

निरुत पायऱ्या चढून आला. काळा सूट, केस चापून बसवलेले. त्याने आधी मृताला हात जोडले, मग स्वतःचं भिंग काढलं. वाकला. प्रायून त्याच्या अंगठ्याकडे बघत होता. नुसतं बघायचं असलं की निरुतचा अंगठा चुळबुळ करत असे. खरोखर काही दिसलं की तो थांबायचा. प्रायूननेच ते कधीतरी त्याला चिडवून सांगितलं होतं. अंगठा थांबला. बराच वेळ थांबला.

मग निरुतने ताईत पुन्हा शर्टाच्या आत सरकवला. कपाळाला न लावता.

"मास्तर," तो म्हणाला, "रेघ बघायला तुम्हीच शिकवलंत."

"मग सांग, सरळ आहे की नाही."

"तेव्हा बघितली होती मी."

"तेव्हा तू रेघ नाही बघितलीस. तेव्हा तू त्याला विचारलंस, आधी कुणाला दाखवला. आत्ता बघितलीस ती सांग."

निरुतने भिंग मिटून खिशात ठेवलं. खाली बसलेल्या बाजाराकडे त्याची नजर गेली आणि परत आली. "डाव्या डोळ्याने किती ताईत बघितलेत तुम्ही, मास्तर?"

प्रायूनने आपलं भिंग मिटलं.

"आजच ना? पहिल्यांदाच?" निरुत अगदी हळू आवाजात बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "एक डोळा गेला म्हणता, दुसरा तर कधी भिंगाला लावलाच नाही. मग कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा आम्ही? तुम्ही थकलायत. चला, मी घरी सोडतो."

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. प्रायूनला स्वतःलाही ते लख्ख दिसलं. डोळा गेला हे सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं, आणि सांगितल्यावर त्याच्या बघण्याला काही अर्थ उरला नव्हता.

"मग माझ्यावरही ठेवू नका, ह्याच्यावरही ठेवू नका," तो दनायला म्हणाला. "नुसता काढून ठेवा. मी बँकॉकला नेतो, तिथल्या मोठ्या लोकांना दाखवतो. माझ्याकडे द्या, मी..."

दनायचा चेहरा बदलला. आत्तापर्यंत त्याच्यावर जो मऊपणा होता तो गेला.

"तुमच्याकडे द्यायचा?"

"दाखवून आणतो रे."

"आधी नुसता परत द्यायचा. माणूस खचला, मेला, की मग हळूच येऊन घेऊन जायचा." दनाय मोजकं बोलत होता. चीवरं अंगावर असताना आवाज चढवायचा नसतो. "तुमच्या बाजारात हे कसं चालतं ते इंजिनवाल्याच्या पोरालाही ठाऊक आहे, काका. पण प्रेताच्या गळ्यातून काढायला आलेले तुम्ही पहिलेच."

"दनाय, मी तुझ्या बापाचा..."

"बापाला 'प्लास्टर' म्हणायचे पोरंसोरं. शेवटी शेवटी ते बाहेरच पडत नव्हते. तेव्हा आलात का एकदा तरी डावा डोळा घेऊन?"

भिक्खूंनी पठण थांबवलं होतं. दाहगृहाचा माणूस दाराशी उभा होता. सगळे लमाईकडे बघत होते. ती पेटीजवळ गेली, नवऱ्याची कॉलर नीट केली आणि दोरा आत खोचला.

"कुणाला दाखवू नका म्हणाले होते," ती म्हणाली. "दाखवला, तेच चुकलं. झाकण लावा."

लोक रांगेने चढले. एकेकाने चंदनाचं फूल पेटीखाली ठेवलं आणि उतरला. प्रायूननेही ठेवलं. उतरताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. फक्त बाजारातला एक जुना ग्राहक पुढे झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, माझा तुम्ही परत दिला होतात. मी फेकून दिला तो, नदीत." तो भांडायला आला नव्हता. नुसतं सांगून गेला.

लोखंडी दार बंद झालं. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघू लागला. आधी काळा, मग पांढरा, मग नुसती हवा थरथरताना दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरचे अस्थी गोळा करायला आले. प्रायूनला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि बोधिवृक्षाखाली लांब उभा राहिला. लमाईने त्याला बघितलं, पण जा म्हणाली नाही.

दाहगृहाच्या माणसाने रिवाजाप्रमाणे अस्थी पत्र्यावर माणसाच्या आकारात मांडल्या होत्या. वर डोक्याची हाडं, मग हात, मग बरगड्यांचे तुकडे, खाली पाय. एवढा मोठा बुनसोंग, पण आता लहान मुलाएवढा झाला होता. छातीच्या जागी एक पांढराशुभ्र चौकोन होता. कोंदणाची चांदीची तार वितळून त्याच्या कडेला मणी झाले होते. चौकोन मात्र शाबूत होता.

प्रायून चार पावलं पुढे आला. चुम भन्ते नदीतले शिंपले भाजून त्याचा चुना करत, तेलात मळत आणि साच्यात दाबत, हे फिचितमध्ये सगळ्यांना माहीत होतं. कालच्या आगीत तो चुना पुन्हा भाजून निघाला होता. त्याला पुढे काय होणार ते कळलं. सांगायला तोंड उघडलं, पण त्याचं सांगणं कालच संपलं होतं.

दनायने चांदीची वाटी घेतली. आत फुलं घातलेलं सुगंधी पाणी. त्याने आधी डोक्यावर शिंपडलं, मग हातांवर. हाडांनी पाणी शोषून घेतलं. मग त्याने छातीवर शिंपडलं.

क्षणभर काही झालं नाही. मग चौकोनातून चर्र आवाज आला. त्यातून वाफ निघाली. कमानीतले बुद्ध फुगले, त्यांना मधोमध तडा गेला, मग बाजूंनी तडे गेले, आणि तो चौकोन उकळत असल्यासारखा हलू लागला. बघता बघता त्याची मऊ, ओली, पांढरी रास झाली.

दनाय मागे सरकला. "काय झालं हे, आई?"

लमाई खाली बसली होती. तिने आयुष्यभर मडक्यात हाच आवाज ऐकला होता. भाजलेल्या शिंपल्यावर पाणी घातलं की येणारा.

"चुना फुलला," ती म्हणाली. आणि मग, स्वतःशीच, "प्लास्टर असं फुलत नाही."

दनाय गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी ती रास गोळा करायला बघू लागला.

"हात नको लावू. पोळेल."

त्याने हात काढून घेतले. बोटं चुन्याने माखली होती. तो त्यांच्याकडे बघत तसाच बसून राहिला.

लमाईने मान वळवली. प्रायून आता पत्र्याच्या कडेशी उभा होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होता, म्हणून त्याला सगळं नीट दिसत होतं.

"या, भाऊजी," ती म्हणाली. "आता लावा कपाळाला."

तो वाकला. त्या राशीतून त्याने चिमूटभर चुना उचलला आणि कपाळापर्यंत नेला. चुना अजून गरम होता.